सावली, जवाल आणि आपले अहमदनगर

बरीच वर्षे झाली. जून महिन्यात शाळा नुकतीच उघडली होती. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळे पंचांगात पावसाळा लागला तरी अंगणात चांगले ऊन असते. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिले, "भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते." मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या अंगणातल्या खांबाची सावली काल दुपारी दक्षिणेकडे होती." वर्ग हसला. मीही त्याला आधी दिशा नीट शिकून ये, असे सांगून खाली बसविले. दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमारास मैदानात काठी रोवून पाहिली. मुलगा खरा ठरला आणि शिक्षक खोटा! वर्गासमोर मी चूक कबूल केली. परंतु जन्मभर याच उन्हात वावरून ही साधी गोष्ट आपल्याला ठाऊक नसावी, हे मनाला लागून राहिले.

कारण अगदी सोपे आहे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंश ५ मिनिटांवर वसले आहे. सूर्य उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकत कर्कवृत्तापर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. जाताना आणि येताना असा दोनदा तो आपल्या अगदी डोक्यावरून जातो: एकदा मेच्या मध्यावर, १६ तारखेच्या आसपास, आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवशी भर दुपारी सरळ उभ्या काठीला सावलीच उरत नाही. या दोन तारखांच्या दरम्यान सूर्य आपल्या उत्तरेस असतो, म्हणून दुपारची सावली दक्षिणेला पडते. फळ्यावरचे माझे विधान दिल्लीकरांना बारा महिने खरे आहे. आपल्याला ते सुमारे साडेनऊ महिनेच खरे!

एक मीटर उंचीची काठी घ्या. २१ मार्चच्या दुपारी तिची सावली सुमारे ३५ सेंटिमीटर भरेल. २२ डिसेंबरला ती ९२ सेंटिमीटर असेल, दोन्ही वेळा उत्तरेकडे. २१ जूनला मात्र दक्षिणेकडे, आणि तीही जेमतेम साडेसात सेंटिमीटर. काठी नसेल तरी अडत नाही. मनुष्याची उंची त्याच्या स्वतःच्या पावलांनी साधारण साडेसहा ते सात पावले भरते, म्हणून जुने लोक आपल्याच सावलीवर पाऊल टाकीत वेळेचा अंदाज बांधीत. घड्याळ खिशात येण्यापूर्वी आपल्या खेड्यांत "दिवस कासराभर वर आला", "उन्हे कलली", "सावल्या लांबल्या" या शब्दांवरच शेताची आणि घराची कामे चालत. कासरा म्हणजे बैलाची दोरी. आकाशातले अंतर दोरीने मोजणारा तो शेतकरी अडाणी होता, असे मला तरी म्हणवत नाही.

सावलीवरून दिशा काढण्याची रीत तर फारच जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी ती सांगितली आहे. सपाट जमिनीवर मधोमध काठी रोवावी. तिच्या बुडाशी दोरी धरून काठीच्या दीडपट लांबीचे वर्तुळ काढावे, म्हणजे आपल्याकडे ते बाराही महिने चालते. सकाळी लांब असलेली सावली आखडत जाते. तिचे टोक वर्तुळावर येईल तेथे खूण करावी. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि तिचे टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळाबाहेर पडते, तेथे दुसरी खूण. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. दोन्ही जोडणाऱ्या रेषेला मधोमध काटकोनात छेदले की उत्तर-दक्षिण मिळाली. सूर्य दिवसभरात किंचित उत्तर-दक्षिण सरकतो म्हणून बारीकशी चूक राहते, पण आपल्या कामापुरती ती नगण्य आहे.

आता या रीतीला अरबी ज्योतिर्विदांनी काय नाव दिले पाहा: "दायरा-ए-हिंदिया", म्हणजे हिंदी वर्तुळ! ज्यांच्याकडून घेतले त्यांचे नाव त्यांनी पुसले नाही. अरबी ग्रंथांतून काठीचे बारा भाग करण्याचा जो प्रघात आढळतो तोही आपल्या बारा अंगुळांच्या शंकूशी जुळणारा आहे. अल्-बिरुनी संस्कृत शिकला, १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला, आणि केवळ सावली या एका विषयावर त्याने निराळे पुस्तक लिहिले. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त शंकू आणि छायेचे गणित मांडले. गणित-खगोल हे आपल्या मुलांचे क्षेत्र नव्हे, असे सांगणारे पालक मला भेटतात. सावली मोजणे म्हणजे पंचांगवाल्यांचे काम, असे म्हणणारेही भेटतात. दोघांनाही मी हे वर्तुळ काढून दाखवितो.

आपल्या दख्खनमध्येही या विद्येचा मान होता. बहमनी सुलतान फिरोजशहा विद्यार्थ्यांना भूमिती व खगोलशास्त्र स्वतः शिकवी. १४०७ मध्ये त्याने दौलताबादजवळ वेधशाळा बांधावयास घेतली, परंतु हकीम हसन गिलानी मरण पावल्याने ते काम अर्धवट राहिले. ही हकीकत आपल्याला कळते ती फरिश्त्याच्या इतिहासातून. हा फरिश्ता निजामशाहीच्या काळात अहमदनगरलाच लहानाचा मोठा झाला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. तोच लिहितो की, बुऱ्हाण निजामशहाचा उस्ताद पीर मुहंमद परांड्याला गेला असता तेथे त्याला शाह ताहिर भेटले, आणि त्यांच्यापाशी 'मजिस्ती' शिकण्यासाठी तो वर्षभर तेथेच राहिला. 'मजिस्ती' म्हणजे टॉलेमीचा खगोलशास्त्रावरील ग्रंथ. शाह ताहिर पुढे अहमदनगरच्या दरबारात आले आणि त्यांच्यामुळे राज्याचे धोरणच बदलले, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. त्यांची ओळख प्रथम एका गणिताच्या पुस्तकामुळे झाली, हे मात्र कोणी सांगत नाही.

नमाजाच्या वेळांशी सावलीचा संबंध तर रोजचाच. सूर्य माध्यान्हीवरून कलला, म्हणजे जवाल झाला, की जोहरची वेळ सुरू होते. वस्तूची सावली दुपारच्या मूळ सावलीखेरीज वस्तूएवढी झाली की शाफई मताने असर, आणि दुप्पट झाली की हनफी मताने. मार्चच्या २१ तारखेला आपल्या शहरात या दोन वेळा अनुक्रमे चार आणि पाच वाजण्याच्या सुमारास येतात. याच कामासाठी मोठ्या मशिदींतून मुवक्कित, म्हणजे वेळ ठरविणारे जाणकार, नेमले जात. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अल्-शातिर यांनी १३७१ मध्ये तेथील मनोऱ्यासाठी केलेले सूर्य-घड्याळ प्रसिद्ध आहे.

आणि आमच्याकडे अजूनही कित्येकांची समजूत आहे की जवाल म्हणजे दुपारचे बारा! १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात जी प्रमाणवेळ सुरू झाली ती साडेब्याऐंशी रेखांशाची. मुंबई शहर तर १९५५ पर्यंत आपली निराळी वेळ सांभाळून होते. अहमदनगरचा रेखांश पावणेपंच्याहत्तर, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी ३१ मिनिटे मागे. त्यात पृथ्वीच्या गतीमुळे वर्षभर कमीजास्त होत असते, म्हणून नोव्हेंबरच्या आरंभी आपली खरी माध्यान्ह सव्वाबाराला येते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पाऊण वाजता. जिल्हाही काही लहान नाही. जामखेडला जवाल झाल्यावर अकोल्याला तो होईपर्यंत पाचेक मिनिटे जातात. शहरासाठी छापलेला तक्ता जिल्हाभर लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शेवटी किबल्याविषयी. अलीकडे कोणी तरुण मोबाईलमधील होकायंत्र घेऊन मशिदीत येतो आणि वाडवडिलांची सफ चुकीची आहे असे जाहीर करतो. मग वाद सुरू. आपल्या शहरातून मक्केची दिशा ठीक पश्चिम नसून पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेकडे आहे, हे खरे. मक्का आपल्यापेक्षा जेमतेम सव्वादोन अंश उत्तरेस असूनही दिशा इतकी झुकते, कारण पृथ्वी गोल आहे आणि जवळची वाट सपाट नकाशावर सरळ दिसत नाही. पण शेजारी लोखंडी कपाट किंवा छताची सळई असली तरी होकायंत्राचा काटा सहज बहकतो. शिवाय दूरच्या लोकांना काटेकोर अंश नव्हे, दिशा पुरते, असे बहुसंख्य फकीह सांगत आले आहेत. भिंतीवरून भांडण्यापूर्वी एकदा सावलीला विचारून पाहावे.

त्याची रीत नसीरुद्दीन तूसी यांनी तेराव्या शतकात सांगून ठेविली आहे. मक्का शहरही कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथेही सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: २७ किंवा २८ मे रोजी, आणि १५ किंवा १६ जुलैला. त्या क्षणी आपल्याकडे मेमध्ये दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात, जुलैमध्ये २ वाजून ५७. जुलैचा दिवस बहुधा आभाळात जातो, म्हणून मेचाच धरावा. उघड्या जागी ओळंबा लावून काठी सरळ उभी करावी. एक मीटरच्या काठीची सावली तेव्हा ६४ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे रेघ ओढण्यास पुरेशी लांब. सावलीच्या टोकाशी उभे राहून काठीच्या बुडाकडे तोंड केले की मक्का समोर. मुलांना सुट्टी असते, ऊनही कडक असते. दोरी, खडू आणि वेळ बरोबर लावलेले घड्याळ तेवढे जवळ असावे.