व्हाइटवॉटर कनू म्हणजे काय? खळाळत्या नदीसाठी साध्या होडीत कोणते बदल करतात?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात नान्टाहाला नावाची नदी आहे. वरच्या जलाशयातलं पाणी वीजनिर्मितीनंतर नदीत सोडलं जातं आणि मग ती खळाळू लागते. कोलाडला राफ्टिंगसाठी गेलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येतं आणि त्यावर कुंडलिकेतलं राफ्टिंग चालतं. फरक असा की, नान्टाहालावर राफ्टच्या बरोबरीनं उघड्या कनूही दिसतात. कनू म्हणजे वरून मोकळी, लांबट होडी. ती एकाच बाजूला पातं असलेल्या वल्ह्यानं चालवतात.

ऑलिंपिकमध्ये दिसणारी स्लॅलम कनू वेगळी. ती वरून बंद असते आणि खेळाडूच्या कमरेभोवतीचं आवरण पाणी आत येऊ देत नाही. उघड्या कनूला हे संरक्षण नसतं. मग ती खडकाळ प्रवाहात टिकते कशी?

खरा धोका आत भरणाऱ्या पाण्याचा

पंधरा फुटी कनू काठोकाठ भरली, तर आत अर्ध्या टनाहून जास्त पाणी मावतं. एवढं वजन प्रवाहासोबत वाहू लागलं की वल्हं मारून ते वळवणं जवळपास अशक्य होतं. अशी होडी खडकावर आडवी अडकली, तर पाणी तिला खडकाभोवती अक्षरशः दुमडून टाकू शकतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे किनाऱ्यावरून साधा वाटणारा प्रवाहही होडी मोडू शकतो.

राफ्टमध्ये शिरलेलं पाणी तळाच्या कडेच्या छिद्रांतून आपोआप निघून जातं. कनूत तशी सोय नाही. म्हणून पाण्याला जागाच उरू द्यायची नाही, हा पहिला बदल. पुढच्या आणि मागच्या टोकाला हवेच्या मोठ्या पिशव्या बसवतात आणि मधे फक्त माणसापुरती जागा ठेवतात. पिशव्या नुसत्या ठेवून भागत नाही, कारण पाणी शिरताच त्या तरंगून बाहेर येतात. त्यासाठी काठाच्या पट्टीखाली ओळीनं भोकं पाडून, बाजेची दोरी विणावी तशी नायलॉनची दोरी वरून विणतात. पिशव्यांवर उन्हाचाही परिणाम होतो. काठावर तापल्या की आतली हवा प्रसरण पावून त्या फुटू शकतात आणि थंड पाण्यात गेल्या की सैल पडतात. त्यामुळे होडी बाहेर काढल्यावर थोडी हवा सोडणं आणि उतरताना पुन्हा भरणं, हे रोजचंच काम.

घट्ट बसायचं, पण अडकायचं नाही

दुसरा बदल बसण्याच्या जागेचा. कनूतलं नेहमीचं आसन उंच असतं. प्रवाहात वजन खाली हवं, म्हणून ते काढून कडक फोमचा खोगिरासारखा ठोकळा तळाला चिकटवतात. वल्हवणारा त्यावर गुडघे टेकून बसतो. गुडघ्यांखाली मऊ पॅड, पायांच्या बोटांना टेकू आणि मांड्यांवरून पट्टे असतात. त्यामुळे कंबर हलली की होडीही कलते. पट्टे नसतील तर माणूस आत नुसता घसरत राहतो.

ठोकळा चिकटवण्याआधी होडी शांत पाण्यात टाकून तो पुढे-मागे सरकवून पाहतात. पुढचं टोक पाण्यात दबत असेल तर प्रत्येक लाट आत येणार. जागा ठरली की चपला-बुटांसाठी वापरतात तसा कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावायचा, तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. हे काम मोकळ्या हवेतच करायचं.

जे पट्टे होडी ताब्यात ठेवतात, तेच होडी उलटल्यावर माणसाला पाण्याखाली धरून ठेवू शकतात. म्हणूनच सगळ्या बदलांत ही जागा सर्वांत नाजूक. एका झटक्यात सुटणारं बक्कल हवं. जाड तळाचे बूट पायांच्या टेकूत अडकणार नाहीत, हेही पाहायला हवं. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून, जोडीदार शेजारी उभा असताना, तळ्यात होडी मुद्दाम उलटवून बाहेर पडण्याचा सराव करतात. पट्टे सुटायला जराही वेळ लागला तर ते पुन्हा बसवायचे. ही पायरी गाळून थेट नदीत उतरणं शुद्ध वेडेपणा आहे.

वल्हवायचं कसं?

एकाच बाजूनं वल्हवल्यावर होडी उलट्या बाजूला वळते. ती सरळ ठेवायला वल्ह्याच्या शेवटी पातं किंचित बाहेर ढकलतात. या फटक्याला ‘जे स्ट्रोक’ म्हणतात. दुसऱ्या बाजूला वल्हं मारायची वेळ आली तर हात बदलत नाहीत. तेवढ्यात लाट गाठते. कमरेतून वळून, त्याच पकडीनं वल्हं होडीवरून पलीकडे नेतात.

नदी एका दमात उतरायची नसते. मोठ्या खडकामागे पाणी संथ असतं किंवा उलट दिशेनं फिरतं. त्याला ‘एडी’ म्हणतात. एका एडीतून दुसऱ्या एडीत जात, मधे थांबून पुढचा टप्पा पाहत खाली यायचं. होडी खडकावर आडवी आदळली तर अंग खडकाच्या बाजूला झुकवायचं. भीतीनं माणूस उलट दिशेला झुकतो, प्रवाहाकडचा काठ खाली जातो आणि होडी क्षणात भरते. पाण्यात पडलाच तर होडीच्या खालच्या अंगाला, म्हणजे होडी आणि खडक यांच्या मधे, कधीच राहायचं नाही. वेगवान पाण्यात उभं राहण्याचा प्रयत्नही करायचा नाही. दगडांत पाय अडकला तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो.

जुनी होडी घेताना

अनेक वर्षं या कनू रॉयलेक्स नावाच्या थरांच्या प्लॅस्टिकपासून बनत. आदळल्यावर ते दबे आणि बरंचसं पूर्ववत होई. 2014 च्या सुमारास त्याचं उत्पादन थांबलं. पुढे कॅनडातल्या एस्किफ कंपनीनं टी-फॉर्मेक्स हा पर्याय आणला. तरीही जुन्या रॉयलेक्स होड्या दुरुस्त करून वापरणारे बरेच आहेत. अशा होडीचे काठ लाकडी असतील, तर कडाक्याच्या थंडीआधी त्यांचे स्क्रू सैल करतात. थंडीत प्लॅस्टिक लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि स्क्रूंपाशी तडे जातात.