जुनी मर्सिडीज ९० च्या वर गेली की थरथरते? गॅरेजला पैसे देण्याआधी हे वाचा

इन्स्टावर एक रील हमखास दिसते. चकाचक काळी ई-क्लास, मागे पंजाबी गाणं आणि खाली लिहिलेलं असतं, 'नव्या क्रेटापेक्षा स्वस्त'. ते खोटंही नसतं. पंधरा-अठरा वर्षं जुनी लक्झरी गाडी खरंच त्या किमतीत मिळते. रीलमध्ये एकच गोष्ट दिसत नाही. एक्सप्रेसवेवर काटा ९० ला टेकला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं हेच झालं. त्यांनी २००७ ची ई-क्लास घेतली. थरथर सुरू झाली तशी पहिल्या गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. थरथर तशीच. दुसऱ्या गॅरेजने लोअर आर्म बदलले. तरी तशीच. शेवटी टायरच्या दुकानातल्या एका पोराने चाक मशिनवर फिरवून दाखवलं, रिम वाकडी होती.

काकांना दोन्ही गॅरेजने मुद्दाम फसवलं असं नाही. चूक अशी झाली की सगळ्यांनी 'कुठला पार्ट गेलाय?' इथून सुरुवात केली. गाडीला विचारायचा पहिला प्रश्न वेगळा असतो. ती कधी थरथरते? ठराविक स्पीडला, ब्रेक मारल्यावर, अॅक्सिलरेटर दाबल्यावर, की सिग्नलला उभी असताना? या एका उत्तरावर अर्धं निदान होतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

या गाड्यांचं दुखणं वेगळं का असतं?

मर्सिडीज-बेंझ भारतात आली १९९४ मध्ये. १९९५ ला पुण्यात टेल्कोच्या आवारात डब्ल्यू-१२४ ही ई-क्लास जोडली जाऊ लागली, आणि २००९ पासून कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. म्हणजे रीलमधली 'जर्मन' गाडी बऱ्याचदा आपल्याच पुण्यातून बाहेर पडलेली असते.

पण तिची रचना आपल्या नेहमीच्या हॅचबॅकसारखी नाही. छोट्या गाडीत मागच्या दोन चाकांमध्ये बहुतेक वेळा एक साधा बीम असतो. मर्सिडीजने १९८२ च्या १९० मॉडेलपासून मागे मल्टिलिंक सस्पेन्शन आणलं. त्यात एका मागच्या चाकाला पाच आर्म. दोन चाकांचे दहा, आणि प्रत्येकाला दोन टोकं. म्हणजे फक्त मागच्या बाजूला वीस जोड. या जोडांवर रबरी बुश किंवा बॉल जॉइंट असतात. गाडी लोण्यासारखी चालते ती यामुळेच. आणि रबराला किलोमीटरपेक्षा वय जास्त खातं. म्हणून 'फक्त ४५ हजार चाललीय, डॉक्टरांची गाडी आहे' हे ऐकून हुरळून जाऊ नका. उभ्या गाडीचंही रबर तडकतंच.

ठराविक स्पीडला थरथर: आधी चाकं बघा

सगळ्यात जास्त सापडणारी तक्रार हीच, त्यामुळे इथे जरा थांबू.

२००२ ते २००९ या काळातल्या डब्ल्यू-२११ ई-क्लासला साधारण २२५/५५ आर १६ टायर असतो. त्याचा घेर सुमारे २.०५ मीटर. गाडी १०० च्या स्पीडला सेकंदाला जवळपास २८ मीटर पळते, म्हणजे चाक सेकंदाला साडेतेरा वेळा फिरतं. चाकात कुठे काही ग्रॅमचा असमतोल असेल तर सेकंदाला तितकेच धक्के बसतात. आता गंमत अशी की चाक, हब आणि आर्म यांची स्वतःची हलण्याची लय सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हात लावला की तो वाढत जातो, तसंच इथे होतं. म्हणून थरथर ८० ते ११० च्या पट्ट्यात चढते आणि बऱ्याचदा १२० ला गायब होते. गायब झाली म्हणजे बरी झाली असं नाही, फक्त लय चुकली.

थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीटमध्ये, पायाखाली जास्त असेल तर मागच्यांवर. हा ढोबळ नियम आहे, पण बऱ्याचदा खरा ठरतो. खात्री करायची तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये सरकली तर दोष टायर किंवा रिममध्ये आहे, सस्पेन्शनला हात लावायची गरज नाही. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर मात्र हा प्रयोग करू नका.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं, हे जुन्या लक्झरी गाड्यांत फार होतं, कारण त्या चालवल्या कमी आणि झाकून जास्त ठेवल्या जातात. महिनाभर एका जागी उभ्या गाडीचा टायर खालून चपटा होतो. पहिले काही किलोमीटर थरथरून नंतर शांत झाली तर कारण हेच समजा. पावसाळ्यात अजून एक फुकटची भानगड असते. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून चिकटतो आणि बॅलन्सिंग बिघडतं. कोकणातून आल्यावर गाडी थरथरायला लागली तर आधी पाण्याचा पाइप धरा.

बॅलन्सिंग करताना दुकानात उभे राहा आणि चाक फिरताना बाजूने बघा. रिमची कड वरखाली नाचतेय? टायरला फुगा आलाय? वजनं लावून मशिनवर शून्य आलं तरी वाकडी रिम रस्त्यावर धक्के देतेच. काकांच्या पहिल्या दोन गॅरेजमध्ये नेमकं हेच राहिलं होतं.

बाहेरच्या कंपनीचे अलॉय असतील तर अजून एक तपासणी. मर्सिडीजच्या हबचा व्यास ६६.६ मिलिमीटर असतो. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा मोठं असतं आणि मधली फट भरायला एक रिंग लागते. ती रिंग नसली की चाक बरोबर मध्यावर बसत नाही. बोल्टचंही तसंच. कंपनीच्या रिमला गोल बुडाचे बोल्ट लागतात, बाहेरच्या बऱ्याच रिमला शंकूसारखे. चुकीचा बोल्ट फक्त थरथर देत नाही, तो सैलही होतो.

ब्रेक मारल्यावर, अॅक्सिलरेटर दाबल्यावर, उभी असताना

एरवी शांत असलेली गाडी ब्रेक मारताच थरथरते, तेव्हा बहुतेक मेकॅनिक 'डिस्क वाकडी झालीय' म्हणतात. खरं तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक डोळ्याला दिसत नाही, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो, पण पायाला पेडलमध्ये बरोबर जाणवतो. चाकाचे बोल्ट हवेच्या गनने कमी-जास्त आवळल्यामुळेही हे घडतं, म्हणून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच करून घ्या.

पण पेडल शांत आहे आणि स्टिअरिंग मात्र डावी-उजवीकडे नाचतंय, तर पुढच्या आर्मचे बुश तपासायला सांगा. या गाड्यांत ते आतून तेल भरलेले असतात. फुटले की तेल गळून काळा ओघळ दिसतो. बीएमडब्ल्यूच्या ई-३९, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ५ सिरीजचं हे तर प्रसिद्ध दुखणं आहे.

अॅक्सिलरेटर दाबला की थरथर आणि पाय काढला की शांत, हा प्रकार छोट्या गाडीवरून आलेल्या मालकांना नवा असतो. या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. इंजिनकडून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण तिप्पट वेगाने फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी असते. शाफ्टच्या टोकांना जाड रबरी कपलिंग असतात आणि मध्ये एक सेंटर बेअरिंग. गाडी रॅम्पवर घेऊन कपलिंगवर टॉर्च मारा, भेगा सरळ दिसतात. पी वरून डी टाकताना 'धड' असा आवाज येत असेल तर संशय अजून पक्का. फुटलेलं कपलिंग चालत्या गाडीत तुटलं तर शाफ्ट खालून आपटतो, हे काम पुढच्या महिन्यावर टाकायचं नाही.

सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून डी मध्ये उभे आहात आणि आरसा थरथरतोय, एन टाकला की कमी होतं. इथे सस्पेन्शनचा काही संबंध नाही. हे इंजिन फाउंडेशन, तेही तेल भरलेलं. फक्त ते बदलायच्या आधी स्कॅनर लावून एखादा सिलिंडर नीट पेटत नाही असं नाही ना, हे बघून घ्या. नाहीतर नवं फाउंडेशनही थरथरत बसेल.

खडखड, टकटक आणि सकाळी बसलेली गाडी

आवाजासाठी एक छान युक्ती आहे. स्पीड ब्रेकरवर दोन्ही पुढची चाकं एकदम चढवा, मग फक्त एक चाक छोट्या खड्ड्यातून न्या. पहिल्या वेळी शांत आणि दुसऱ्या वेळी टकटक, तर बहुतेक लिंक रॉड गेलाय. दोन्ही चाकं एकदम उचलली की स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही, म्हणून लिंक रॉड गप्प बसतो. सगळ्या यादीतला हा स्वस्त पार्ट. त्याच्या आवाजावर पूर्ण सस्पेन्शन बदलायचं बिल निघालेलं मी पाहिलंय.

बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते ते बघणं, ही आपली घरगुती टेस्ट. पूर्ण मेलेला शॉकअप त्यात कळतो, अर्धमेला कळत नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झिजलेलं लागलं तर शॉकअप थकलेत. फक्त आतली कड घासलेली असेल तर बुश आणि अलाइनमेंट.

आता सगळ्यात महागडा विषय, हवेचं सस्पेन्शन. १९९८ च्या डब्ल्यू-२२० एस-क्लासबरोबर मर्सिडीजने एअरमॅटिक आणलं. पुढे काही ई-क्लासमध्येही ते आलं. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी पिशवी आणि ती फुगवायला एक छोटा कॉम्प्रेसर. वय झालं की पिशवीच्या घडीत बारीक भेगा पडतात.

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. सकाळी चालू करायच्या आधी परत मोजा. एकच कोपरा बसलाय तर त्याच चाकाची पिशवी किंवा पाइप गळतोय. पूर्ण पुढची किंवा मागची बाजू बसली तर व्हॉल्व्ह ब्लॉकही तपासावा लागेल. पिशवीवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात, अगदी पंक्चरवाल्यासारखं.

लोक चुकतात ते इथे. गळती छोटी असते तेव्हा कॉम्प्रेसर परत परत चालून कमतरता भरून काढतो, आणि एक दिवस जळतो. स्कॅनरवर चूक दिसते कॉम्प्रेसरची. मालक नवा कॉम्प्रेसर टाकतो, पिशवी तीच, आणि नवाही त्याच वाटेने जातो. आधी गळती, मग कॉम्प्रेसर, हा क्रम गॅरेजकडून कबूल करून घ्या. गाडी घेताना विक्रेत्याने ती तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.

डॅशबोर्डवर 'स्टॉप, व्हेइकल टू लो' आलं तर गाडी ओढत न्यायची नाही, फ्लॅटबेड बोलवायचा. आणि हवेच्या सस्पेन्शनच्या गाडीखाली नुसत्या जॅकवर कुणीही हात घालू नये. हवा सुटली की ती क्षणात खाली येते.

काम सांगताना

स्टिअरिंग रस्ता सोडून भटकतंय आणि वळताना पुढून कडकड येतेय, तेव्हा बॉल जॉइंट बघेपर्यंत हायवेला गाडी काढू नका. तो निसटला तर चाक आत दुमडतं. डब्ल्यू-२१० ई-क्लासमध्ये पुढच्या स्प्रिंगची वरची बैठक गंजून सुटल्याचे प्रकार युरोपात, मीठ टाकलेल्या रस्त्यांवर, घडलेत. आपल्याकडे बर्फ नसला तरी समुद्राकाठी राहिलेली जुनी गाडी घेताना तिथे टॉर्च मारायला काय जातं?

आर्म किंवा बुश बदलताना मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा. रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचं आवळायचं. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली उतरताच बुशला कायमचा पीळ बसतो आणि तो लवकर फाटतो. 'नवीन टाकला तरी सहा महिन्यांत गेला, डुप्लिकेट असेल' अशा बऱ्याच तक्रारींमागे पार्ट नसतो, हे आवळणं असतं. अलाइनमेंट त्याच्याही नंतर, आणि हवेचं सस्पेन्शन असेल तर आधी चारही कोपऱ्यांची उंची सेट करून मग.

काकांनी रिम सरळ करण्याच्या भानगडीत न पडता जुन्या बाजारातून त्याच मापाची दुसरी आणली. गाडी आता १०० ला शांत आहे. काढलेले दोन शॉकअप अजून त्यांच्या डिकीत आहेत. त्या टायरवाल्या पोराने तपासले, दोन्ही चांगले होते.