मॅकहेलनंतर कोण?

तुमच्या मुलांनी कॉलिंगवूडची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी मागितली, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. जॉक मॅकहेल १९१२ ते १९४९ असे सलग ३८ हंगाम मेलबर्नमधल्या या फूटी क्लबचे प्रशिक्षक होते. ७१४ सामने, ८ अजिंक्यपदं, त्यांतली चार तर १९२७ ते १९३० अशी ओळीने. ते थांबल्यावर गादीवर कोण? समितीने बर्विन वूड्स यांना निवडलं. चाहत्यांना हवे होते लाडके खेळाडू फॉन्स काइन. असा गदारोळ उठला की १९५० चा हंगाम सुरू होण्याआधीच वूड्सनी पद सोडलं. मला त्यांचंच वाईट वाटतं. त्यांचा गुन्हा एवढाच, की निवड झाली!

काइन आले. १९५३ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने जिलाँगला हरवलं, आणि आठच दिवसांनी मॅकहेल गेले. पुढे १९५८ मध्ये मेलबर्न क्लब ओळीने चौथं अजिंक्यपद घ्यायला निघाला होता. अंतिम सामन्यात त्याला अडवलं ते काइन यांच्याच संघाने. ओळीने चार अजिंक्यपदांचा मॅकहेल यांचा तो विक्रम वाचला.