आवाजाला आवर: कर्ण्यापासून कॉम्प्रेसरपर्यंत

मुकुटबनच्या या सभेत आपण खंजिरी भजनापासूनच सुरुवात करू. तुकडोजी महाराजांनी ते विदर्भात गावोगावी नेलं. थाप कडाडते आणि गाणारा मात्र ओळीच्या शेवटी आवाज खाली आणतो. रेकॉर्डिंगमध्ये शब्दच बुडाले, तर भजनात उरतं काय?

हा पेच जुनाच आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान कर्ण्यात गायल्या, तेव्हा कॉम्प्रेसर नव्हता. अंतर हाच उपाय होता: गाणारा जवळ, मोठ्या आवाजाचं वाद्य लांब. पुढे माइक आले आणि हे काम ध्वनिमुद्रकाच्या बोटांवर आलं. मग ते यंत्राकडे गेलं.

१९६०च्या दशकात अमेरिकेत दोन यंत्रं गाजली. जिम लॉरेन्स यांच्या एलए-टूएमध्ये आवाज वाढला की आतला प्रकाश वाढतो आणि त्यानुसार पातळी उतरते. ते पकड सावकाश सोडतं, म्हणून गळ्याला मानवतं. बिल पुटनम यांचं १९६७चं ११७६ मात्र एका मिलिसेकंदाच्या आतच पकडतं. त्याआधी १९६६ साली लंडनमध्ये जेफ एमेरिक यांनी रिंगो स्टारचे ड्रम फेअरचाइल्डमधून असे दाबले, की ते दाबणं हाच एक नाद झाला.

तेव्हा निवड नावावरून नको. गाण्याला आपण सावकाश सोडणारा कॉम्प्रेसर घ्यावा. थापेला आधी १० ते ३० मिलिसेकंद मोकळे द्यावेत; नाहीतर तिचं टोकच जातं. दोन्ही एकाच कॉम्प्रेसरमधून गेले, तर प्रत्येक थापेसरशी गळाही दबतो. आणि माइक एकच असेल? मग १९०२चाच उपाय करू: खंजिरी चार पावलं मागे.