नाकाची गोष्ट, मांडीपर्यंत

'नाक कापले जाणे' हा वाक्प्रचार शिकवताना आम्ही सातारा-सांगलीकडील अध्यापक त्याचा लाक्षणिक अर्थ सांगून पुढे जातो. परंतु तो अक्षरशः भोगलेला एक माणूस आपल्याच इतिहासात आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या जोडीने टिपूविरुद्ध लढले. त्याच युद्धात इंग्रज फौजेतील कावसजी हा मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला.

वर्षभराहून अधिक काळानंतर पुण्याजवळ त्याला नवे नाक मिळाले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकीकत छापली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने बेतून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोलून खाली वळवली. भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र तोडली नाही. तिच्यातून रक्त येत राहिले, म्हणून नाक जगले. सुमारे पंचवीस दिवसांनी ती पट्टी कापली. ही हकीकत वाचूनच १८१४ साली कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

हे सारे सुश्रुताचेच, असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. पण सुश्रुतसंहितेत गालाची कातडी आहे, इथे कपाळाची. ग्रंथ आणि हात यांच्यामधला दुवा गृहीत धरता येत नाही.

पट्टी तोडायची नाही, हा कपाळाचा नियम. १९८४ साली चिनी शल्यविशारदांनी मांडीच्या कातडीचा जो मार्ग दाखवला, त्यात ती पूर्णपणे तोडली जाते. मांडीच्या बाहेरच्या अंगाने एका धमनीची शाखा खाली उतरते. तिच्यापासून निघालेल्या बारीक रक्तवाहिन्या बहुधा स्नायू भेदून कातडीपर्यंत पोहोचतात. कातडीसह ती शाखा उचलून मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. तंबाखूच्या कर्करोगाने गेलेला गाल वा जीभ अशी पुन्हा घडवता येते. या बारीक वाहिन्यांची वाट मात्र माणसागणिक बदलते. नकाशा हाती असूनही प्रत्येक वेळी ती नव्याने शोधावी लागते.

पुण्याजवळच्या त्या कारागिरापाशी असा नकाशा नव्हता. रक्त कोठून येते हे त्याच्या हाताला ठाऊक होते. त्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे, कारागिराचे नाही. विटा पाडणाऱ्या जातीचा, एवढीच त्याची ओळख. कावसजीला नाक मिळाले. ते देणाऱ्याला इतिहासाने नावही दिले नाही. हा वाक्प्रचार पुन्हा शिकवताना आम्हांला त्याची आठवण टाळता येणार नाही.