खाडीपलीकडची पदवी

विलायतेचा प्रवास म्हटला, की आपल्याला आठवतो तो मोठा प्रवास. मुंबईच्या धक्क्यावरचे हारतुरे, एडनचा उकाडा, सुएझचा कालवा, आणि मग पुष्कळ दिवसांनी धुक्यातून वर येणारे लंडन. आम्हां नागपूरकरांना तर समुद्राचे अप्रूप अधिकच. अंबाझरीच्या तलावावर वाऱ्याने चार लाटा उठल्या, की आमची मुले त्यालाच समुद्र म्हणतात! अशा मोठ्या प्रवासांची वर्णने आजवर पुष्कळ झाली. मला सांगायचे आहे ते एका लहानशा प्रवासाविषयी. लंडनहून निघायचे, मधली खाडी ओलांडायची, बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स येथे परीक्षा द्यायची आणि परतायचे. साल १८९४. परीक्षा देणारीचे नाव रखमाबाई, आणि वय तिशीला टेकलेले.

हे नाव त्याआधीच साऱ्या हिंदुस्थानला ठाऊक झाले होते, आणि तेही कोर्टकचेरीमुळे. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या जातीत त्याला आडकाठी नव्हती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी पुस्तकांत रमल्या आणि वय वाढले तसे, न कळत्या वयात लागलेले हे लग्न आपल्याला मान्य नाही, असे स्पष्ट सांगू लागल्या. १८८४ साली दादाजींनी नांदायला येण्याबद्दल दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम सुटला : महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंग टळला.

या खटल्यातली एक गंमत फारशी कोणी सांगत नाही. असा दावा लावून बायकोला ओढून आणण्याची रीत आपल्या धर्मशास्त्रातली नव्हे. ती इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतून आली आणि साहेबाबरोबर आगबोटीने इकडे उतरली. आणि ज्या १८८४ साली दादाजी कोर्टात गेले, त्याच साली खुद्द इंग्लंडने या बाबतीतली तुरुंगाची शिक्षा रद्द करून टाकली होती! साहेबाने आपल्या घरातून काढून टाकलेली अडगळ मुंबईत एका मुलीच्या डोक्यावर ठेवली जात होती. आमच्याकडचे पुढारी मात्र धर्म बुडाला म्हणून ओरडत होते. ‘केसरी’ने तर रखमाबाईंवर टीकेची झोड उठवली. लोकमान्यांविषयीचा माझा आदर तसूभरही कमी न होता म्हणतो, की या बाबतीत त्यांचे चुकलेच.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलात तेव्हा एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला आणि १८८९ साली विलायतेस धाडले. लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा १८७४ पासून चालू होती. तिथे रखमाबाई पाच वर्षे शिकल्या. रॉयल फ्री हॉस्पिटलात रोगी तपासले. वॉल्टर आणि इव्हा मॅकलॅरन या दांपत्याने त्यांना घरच्यासारखे सांभाळले.

मग पदवीसाठी ब्रुसेल्स कशाला? इथेच खरी मेख आहे. लंडनची ही शाळा शिकवी, पण पदवी देण्याचा अधिकार तिला नव्हता. लंडन विद्यापीठाने १८७८ साली आपल्या पदव्या स्त्रियांना मोकळ्या केल्या, हे खरे; परंतु त्या वाटेवर पहिली चौकी मॅट्रिकची, आणि घरच्या घरी शिकलेल्या रखमाबाईंपाशी ते शिक्कामोर्तब नव्हते. (मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे वाचून गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो.) स्कॉटलंडच्या वैद्यक मंडळांची परीक्षा देऊन त्यांनी व्यवसायाचा परवाना मिळवला. एम. डी. मात्र समुद्रापलीकडे.

ही वाट त्यांच्या आधीच्या बायकांनी पाडून ठेवली होती. या शाळेच्या प्रमुख एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी १८६५ साली औषधविक्यांच्या मंडळाचा परवाना मिळवला, तर त्या मंडळाने लगेच नियम बदलून मागून येणाऱ्या बायकांना दार लावून घेतले. बाईंनी फ्रेंचचा अभ्यास वाढवला. लंडनमधले रोगी सांभाळून त्या एकेका परीक्षेसाठी खाडी ओलांडून पॅरिसला जात, आणि १८७० साली अर्धशिशीवर प्रबंध लिहून तिथल्या एम. डी. झाल्या. आमच्या पीचीबाईंची कथा तशीच. एडिंबरोत रसायनशास्त्रात त्या पहिल्या आल्या, तर बक्षिसाची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारून एका पुरुषाला दिली. त्यांना १८७७ साली एम. डी. दिली ती स्वित्झर्लंडच्या राजधानीने, बर्नने. पॅरिस, बर्न, ब्रुसेल्स! पृथ्वीवर राज्य करणाऱ्या इंग्लंडच्या लेकींना विद्येसाठी शेजाऱ्यांची दारे ठोठवावी लागत होती, आणि तीच युक्ती त्यांनी गिरगावच्या मुलीला शिकवली.

ब्रुसेल्सची सोय अशी, की परवाना मिळवलेल्या परदेशी डॉक्टरांना तिथे वर्षानुवर्षे न राहता परीक्षेस बसता येई. लंडनहून डोव्हर गाठले की बेल्जम सरकारची टपालबोट मिळे. ही बोट १८४६ पासून चालत असे. खाडी नकाशावर बोटभर दिसते, पण भारी अवखळ! हिंदी महासागरात ठणठणीत राहिलेल्या माणसालाही तिथे बोट लागते. ओस्टेंडला उतरल्यावर ब्रूज आणि गेंट मागे टाकीत आगगाडी राजधानीत पोचे. अंतर नागपूरहून अमरावतीइतकेही नाही.

त्या शहरात पाहण्याजोगे पुष्कळ. सोनेरी नक्षीच्या घरांनी वेढलेला जुना चौक. आणि टेकडीवरचे न्यायमंदिर, जे १८८३ साली पुरे झाले. रोमच्या सेंट पीटरहूनही त्याने अधिक जागा व्यापलेली. त्यासाठी गरिबांची घरे इतकी पाडली, की त्या मोहल्ल्यात ‘आर्किटेक्ट’ ही शिवी होऊन बसली. चार वर्षे कोर्टाचे जिने पाहिलेल्या बाईने त्या घुमटाकडे कोणत्या नजरेने पाहावे! विद्यापीठाचे नाव ‘मुक्त विद्यापीठ’. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. धर्मपीठ आणि सरकार या दोघांच्याही हुकमतीतून मुक्त. १८३४ साली ते स्थापन झाले, आणि १८८० पासून बायकांना तिथे प्रवेश होता. इथली एम. डी. घेऊन रखमाबाई परतल्या.

आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण पुढल्याच वर्षी गेल्या. विद्या वापरण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. रखमाबाईंना ते लाभले. १८९५ पासून सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात, पुढे राजकोटच्या जनाना इस्पितळात त्यांनी अखंड काम केले. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. आम्हां कादंबरीकारांना असे पात्र रंगवण्याची छाती होत नाही. वाचक विचारील, हे कसे? १९२९ साली त्यांनी पडदा मोडावा म्हणून पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी गाठून त्या गेल्या.

गुजरातेतल्या सुरुवातीच्या दिवसांची एक गोष्ट सांगतात. इस्पितळात खाटा तयार, पण बाळंतपणासाठी एकही बाई पाऊल टाकीना. पाटीवरच्या एम. डी.चे कोणाला काय? शेवटी बाईंनी एक गाभण शेळी आवारात आणवली आणि गावच्या बायकांच्या देखत तिचे बाळंतपण केले. शेळी आणि करडू दोन्ही धडधाकट निघाली. त्यानंतर बायका येऊ लागल्या.