डॉक्टर व्हायला निघालेल्या रमाबाई

  ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न माझ्यापर्यंत येतो, शब्द तेवढे वेगळे असतात. शिक्षण झालं, नोकरी आहे किंवा शोधणं चालू आहे, दिवस भरलेला असतो, पण हे सगळं कशासाठी, ते काही कळत नाही. कुणी त्याला पर्पज म्हणतं, कुणी आयुष्याचा हेतू. मी काही समुपदेशक नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. त्यामुळे माझ्याकडे सल्ला नाही. गोष्ट मात्र आहे.

गोष्टीआधी एक शब्द सांगतो, ‘पाचारण’. पाचारणं म्हणजे बोलावणं. मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. देव माणसाला एखाद्या कामासाठी हाक मारतो, ते पाचारण. ध्येय आपण ठरवतो, तारीख टाकतो, पूर्ण झालं की खूण करतो. पाचारणात बोलावणारा दुसरा असतो आणि आपल्याकडे ओ देण्याचं काम असतं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण हाक नेमकी कुठून आली, हे ओळखायचं कसं? आजची गोष्ट त्याबद्दल आहे, आणि ती आहे पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हे भलतंच धाडस होतं, समाजातून विरोध झाला. शेवटी ते कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. रमाबाई तिथल्या. पुढे सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायला लागलं. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या, हजारो श्लोक पाठ झाले.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडले, हजारो मैल. १८७८ मध्ये कोलकात्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. वेगळी जात, वेगळा प्रांत, नोंदणी पद्धतीचं लग्न. १८८१ मध्ये मनोरमा झाली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला.

इथं जरा थांबू या. वय वर्षं तेवीस. आईवडील नाहीत, भाऊ नाही, नवरा नाही, कडेवर एक वर्षाचीसुद्धा न झालेली मुलगी. तुमच्यातले कितीतरी जण आज याच वयाचे असतील.

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. ‘स्त्रीधर्मनीती’ नावाचं पुस्तक लिहिलं. सरकारनं नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि सांगितलं, की या देशात बायकांना शिक्षिका हव्यात, बाई डॉक्टर हव्यात. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बायका मरत होत्या. मग त्यांनी ठरवलं, आपणच डॉक्टर व्हायचं. पुस्तकाच्या पैशांतून बोटीचं तिकीट काढलं आणि १८८३ मध्ये लहान मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावातल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहायची सोय झाली होती.

आणि तिथं बेत फसला. रमाबाईंना कमी ऐकू यायचं. कानांचा हा दोष वाढत चालला होता, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण शक्यच नव्हतं. ज्यासाठी समुद्र ओलांडला, तीच गोष्ट गेली.

याच मुक्कामात त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर पाहिलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना जोगिणी तिथं सांभाळत होत्या. ज्यांच्या सावलीलाही कुणी उभं राहत नाही, त्यांची ही सेवा का करायची, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर म्हणून एका जोगिणीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. तुम्हाला माहीत असेल. भर दुपारी विहिरीवर आलेली एक बाई, परक्या जमातीची, पाच नवरे झालेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी बरोबरीनं, गंभीरपणे धर्माबद्दल बोलतो. तिला हाकलत नाही, उपदेशाचा मारा करत नाही. ती घागर तिथंच टाकते आणि गावाला सांगायला धावते.

संस्कृत धर्मग्रंथ कोळून प्यायलेल्या या बाईला त्या गोष्टीनं आतून हलवलं, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. ज्या सुधारकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्यातले अनेक दुखावले. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू मांडली.

पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. चर्चमध्ये गेल्यावर रमाबाई गप्प बसल्या नाहीत. मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून जोरदार वाद झाला. मी पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली आहे, ती दुसऱ्या जोखडात घालणार नाही, असा त्यांचा सूर होता. मांस खायला नकार. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हा सवाल. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या. तिथं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, आणि तीही त्यांना पटली नाही. हाक देवाची असेल तर ओ देणारा माणूस मोकळा हवा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त काय, तर फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ. जी पदवी रमाबाईंना घ्यायची होती, ती आनंदीबाईंना मिळत होती आणि रमाबाई टाळ्या वाजवायला हजर होत्या. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मी सांगू शकत नाही. पण त्यानंतर त्यांनी काय केलं, ते नोंदलेलं आहे. १८८७ मध्ये त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या, विशेषतः बालविधवांच्या, स्थितीवर पुस्तक लिहिलं. अमेरिकाभर फिरून भाषणं दिली. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, विधवांसाठी शाळा आणि घर. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये होत्या गोदूबाई जोशी, बालविधवा. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. आपण ज्यांना बाया कर्वे म्हणतो, त्या याच.

आता गोष्टीतला अवघड भाग. सदनात धर्माचा आग्रह नसेल, असं ठरलं होतं. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळावर होते. मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवून. काही मुली तिथं येऊन बसायला लागल्या. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

बरोबर कोण होतं? मला दोन्ही बाजूंचं म्हणणं कळतं. पालकांनी विश्वासानं मुली पाठवल्या होत्या. त्यांची भीती खोटी नव्हती, कारण परक्या राज्यात धर्म हा साधा विषय नव्हता. आणि रमाबाईंचं म्हणणं असं, की मी माझ्याच खोलीचं दार लावून का प्रार्थना करू? या वादाची किंमत त्यांनी मोजली. ज्या पुण्यानं त्यांना उचलून धरलं होतं, त्याच पुण्यातल्या मोठ्या वर्गानं पाठ फिरवली, ती जवळजवळ कायमची. पाचारण म्हटलं की आपल्याला समाधानी चेहरा आठवतो. त्यातला हा एकटेपणा आपण विसरतो.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतः उपाशी हिंडलेल्या, आईवडील भुकेनं गमावलेल्या बाईला तिथली पोरं पाहून काय आठवलं असेल, हे वेगळं सांगायला नको. त्या शेकडो मुली आणि बायका घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या सगळ्यांना शहरात ठेवणं शक्य नव्हतं.

दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. विचार असा होता, की अमेरिकेची दहा वर्षांची मदत संपली की शेतीच्या उत्पन्नावर सदन चालेल. त्या जमिनीवर आता झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढे मुक्ती मिशन झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या जवळपास दोन हजारांवर गेली. शेती, दूधदुभतं, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. मनोरमा ब्रेल शिकून आली आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागली. आणि एक घर होतं ‘कृपा सदन’, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी. लंडनमधलं ते फुलहॅमचं घर आठवतंय ना?

आता माझा मुद्दा सांगतो. मुक्ती मिशन हा रमाबाईंचा मूळ बेत नव्हता. बेत होता डॉक्टर होण्याचा, तो कानांमुळे गेला. मग बेत झाला उच्चवर्णीय विधवांच्या शाळेचा, तो १८९३ मध्ये निम्मा कोसळला. जमीन घेतली होती उत्पन्नासाठी, तिच्यावर राहायला आल्या दुष्काळातल्या मुली. बेत बदलत गेले. न बदललेली गोष्ट एकच होती: ज्या बाईला कुठंच जागा नाही, तिला जागा द्यायची. हाक कुठून आली, याचं उत्तर रमाबाईंच्या बाबतीत दर वेळी दारात उभ्या असलेल्या माणसानं दिलं.

आणि हे सगळं त्यांना पहिल्या दिवशी कळलं होतं, असंही नाही. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायचा राहिला होता, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहिलंय. आठ वर्षं! आपण आठ दिवसांत उत्तर मागतो.

शेवटचं काम तर कुणाला दिसणारंही नव्हतं. त्या वेळचं मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना जड जायचं, संस्कृत शब्दांनी भरलेलं. संस्कृतच्या पंडितेला ते खटकावं, यात गंमत आहे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून साध्या मराठीत सगळं बायबल उतरवायला घेतलं. कमी ऐकू येणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईनं. वर्षानुवर्षं ते चाललं. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जी मागे सगळं सांभाळणार होती, तीच आधी गेली. रमाबाई भाषांतर तपासत राहिल्या. काम हातावेगळं झालं आणि त्यानंतर लवकरच, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. छापून बांधलेलं पूर्ण पुस्तक त्यांनी पाहिलं नाही.

तुम्ही ख्रिस्ती असाल, नसाल, देव मानत असाल किंवा नसाल. पर्पजचा प्रश्न घेऊन बसलेल्या कुणालाही रमाबाईंचं आयुष्य एक साधा प्रश्न देतं, असं मला वाटतं. मी काय व्हावं, हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. माझ्या आसपास कुणाला जागा नाहीये, हा विचारून बघा. घरात, हॉस्टेलवर, ऑफिसात, गल्लीत. उत्तर लगेच सापडेल असं नाही. सापडलं तर ते सोयीचं असेल असंही नाही.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. पुणे-दौंड लोकलनं कधी गेलात तर ते स्टेशन लागेल. तोवर हा भाग एखाद्या मैत्रिणीला पाठवा, विशेषतः जिचा बेत नुकताच फसलाय तिला. भेटू पुढच्या भागात.